बायो, बॉडी जुनी चालेल, लेन्स चांगली हवी

बायो, चाळीस हजार जमले म्हणालीस, आणि त्यातले निम्मे शिकवण्या घेऊन साठवलेस हेही सांगितलंस. म्हणून आज नीट बसून बोलूया. पैसे कष्टाचे आहेत, आणि ते भलत्याच वस्तूवर घालवायला लावणारी माणसं बाजारात भरपूर भेटतात. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकते. कॅमेऱ्याची बॉडी जुनी चालेल, लेन्स मात्र चांगली हवी, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेपासून दोघांना वाचवण्याचे पैसे आधी वेगळे काढायचे, उरले तर बघू असं म्हणायचं नाही. पुढचं सगळं यातूनच येतं.

दुकानात पाऊल टाकलंस की पहिला प्रश्न येईल, "बजेट किती?" त्याचं उत्तर लगेच देऊ नको. आधी स्वतःला विचार, मी काढणार काय? तुझं मी ऐकलंय. पहाटे बंदरावर होड्या लागतात तेव्हाची गडबड तुला टिपायची आहे. घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देता, त्यांचे नीट फोटो हवेत. आक्षीच्या किनाऱ्यावरची पाखरं आहेत. आणि जमलं तर साखरपुडा-बारशाची कामं घेऊन पैसे वसूल करायचे आहेत. ही चार कामं चार वेगळ्या गोष्टी मागतात. चाळीस हजारांत चारही पहिल्या दिवशी होणार नाहीत. दोन उत्तम होतील, तिसरं बऱ्यापैकी होईल आणि चौथं थोडं थांबेल. हे मनाशी पक्कं केलंस की कोणी तुला भुलवू शकणार नाही.

बंदरापासून सुरुवात करू. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. सकाळी सूर्य डोंगरामागून, माडांच्या मागून वर येतो. होड्या येतात, टोपल्या उतरतात, लिलावाचे आवाज चढतात, पण उजेड अजून बेताचाच असतो. बायका वाटे मांडतात ते छपराखाली किंवा एखाद्या पिवळ्या दिव्याखाली. तिथे मोबाईल हरतो. चेहरे पुसट होतात आणि हात हलला की त्याचा नुसता फराटा उमटतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्सही तिथे अडखळते, कारण झूम ५५वर नेलीस की तिची खिडकी एफ ५.६च्या पलीकडे उघडत नाही. एफचा आकडा लहान तितकी खिडकी मोठी. त्याऐवजी एफ १.८ची लेन्स लावलीस तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. पहिल्या लेन्सने सेकंदाच्या पंधराव्या भागाचा वेग मिळत असेल, तर हिने दीडशेव्या भागाच्या आसपास मिळतो. पंधराव्या भागात कोळणीचा हात हलतो, दीडशेव्या भागात तो जागच्या जागी थांबतो, मासळीच्या खवल्यांसकट. हा फरक मेगापिक्सेलने पडत नाही, बॉडी महाग घेऊनही फारसा पडत नाही. तो लेन्सच्या काचेमुळे पडतो. म्हणून त्या काचेचा हट्ट धरतेय.

मेगापिक्सेलचं आत्ताच संपवू. ए-फोर आकाराचा उत्तम छपाईचा फोटो काढायला नऊ मेगापिक्सेल पुरतात, ए-थ्रीला साडेसतरा. आज बाजारात वापरलेली दहा वर्षांपूर्वीची बॉडी घेतलीस तरी सोळा ते चोवीसच्या मध्येच असते. घराच्या भिंतीवर लावायला, दिवाळी अंकात छापायला, खोल्यांच्या जाहिरातीला ते पुरून उरतं. कोणी "यात जास्त मेगापिक्सेल आहेत, ताई" म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारायचा, बरोबरची लेन्स कोणती?

आता संध्याकाळ. सूर्य समुद्रात उतरतो आणि होड्या त्याच्यासमोर काळ्या होतात. इथे महागडं काही लागत नाही, साधी १८-५५ पुरते. इथे पंचांग बघावं लागतं. तुझ्या आजोबांना विचार, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, म्हणजे ओहोटी तिन्हीसांजेच्या आसपास येते. पाणी पार मागे गेलेलं, ओली वाळू उघडी पडलेली, आणि त्यात अख्खं आकाश दिसतं. असा प्रकाश तुला रोज मिळणार नाही. महिन्यातून दोनदा मिळतो, आणि थंडीत आकाश स्वच्छ असतं तेव्हा त्याचं सोनं होतं. अलिबागचा कुलाबा किल्लाही ओहोटीला पायी गाठता येतो, पण फोटोच्या नादात तिथे रेंगाळू नको. पाणी फिरलं की चढायला वेळ लावत नाही. उजेड संपायच्या आत किनाऱ्यावर परत ये आणि तिथूनच किल्ला काढ. उलट अष्टमीच्या संध्याकाळी भांग असतो, पाण्याला जोर नसतो, भरलेल्या खाडीत होड्या तरंगत असतात. रेवदंड्याच्या खाडीवर कोर्लईच्या बाजूला तोंड करून तेव्हा उभी राहा. हे सगळं फुकट आहे, बायो. ज्याला हे माहीत नाही तो दीड लाखाचा कॅमेरा घेऊन भर दुपारी काशीदला पांढरंफटक आकाश काढत बसतो.

पाखरांचं काम सर्वांत खर्चिक, म्हणून तेच थोडं मागे ठेव असं म्हणेन. पाखरांसाठी लांब लेन्स लागते. कॅननची ५५-२५० आणि निकॉनची ७०-३०० या दोन लेन्स आपल्या आवाक्यातल्या. तू घेणार त्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे कॅननवरची २५० ही ४०० सारखी दिसते आणि निकॉनवरची ३०० ही साडेचारशेसारखी. वाळूवर चरणारे चिखले, हिवाळ्यात येणारे कुरव, खाडीवर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार, एवढं यात होतं. फणसाडच्या दाट सावलीतलं पाखरू होत नाही, तिथे लाखांच्या लेन्स लागतात. ते आत्ता विसर.

आणि लेन्स नाही म्हणून पाखरांपासून दूर राहू नको. पक्षितज्ज्ञ सालिम अलींचं किहीम तुझ्या घरापासून किती लांब? जर्मनीहून शिकून ते १९३०मध्ये परत आले तेव्हा हातात नोकरी नव्हती. बायको तहमीना यांच्या माहेरच्या किहीमच्या घरात दोघं राहायला गेले. तिथे पावसाळ्यात सुगरणींची वसाहत भरलेली असायची. सालिम अली रोज त्या घरट्यांपाशी बसून बघत राहिले, टिपणं काढत राहिले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते, मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. हे सगळं त्यांनी तिथे बसून मांडलं, आणि त्या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. एकच जागा, एकच पाखरू आणि पुष्कळ धीर. तुझ्याकडे पहिल्या वर्षी लांब लेन्स नसेल तर तूही हेच कर. कोणतं पाखरू कोणत्या भरतीला, कोणत्या खडकावर, किती वाजता उतरतं हे वहीत लिही. लेन्स येईल तेव्हा तू तयार असशील. फक्त घरट्याच्या जवळ जायचं नाही. फोटोसाठी फांदी वाकवायची नाही, पानं बाजूला करायची नाहीत. उघडं पडलेलं घरटं कावळ्याला दिसतं.

आता बॉडी. इथे तू माझ्यावर चिडशील, कारण तुला नवी कोरी पेटी उघडायची आहे. ते मला कळतं. पण डीएसएलआरच्या जगात काय झालंय ते बघ. आत आरसा असलेला हा कॅमेरा. समोरचं दृश्य लेन्समधून येतं, आरशावरून वर जातं आणि तुला डोळ्याने थेट दिसतं. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी आरसा काढून टाकला आणि सगळं लक्ष मिररलेसवर वळवलं. निकॉनने आपले डी३५०० आणि डी५६०० हे दोन्ही लोकप्रिय नवशिक्यांचे कॅमेरे बंद केले. त्यामुळे हौशी मंडळी, लग्नाची कामं करणारे, कॉलेजातली पोरं आपापले डीएसएलआर विकून मिररलेस घेतायत. वापरलेल्यांचा बाजार भरलाय आणि भाव उतरलेत. तुझ्यासारखीला ही चांगली वेळ आहे.

"मग मीही मिररलेसच घेऊ का?" असं विचारलंस ना. घे, पण मग चाळीस हजारांत बॉडी आणि एक साधी लेन्स एवढ्यावरच सगळं संपेल. एफ १.८ची काच नाही, जादा बॅटरी नाही, ओलाव्यापासून वाचवायची सोय नाही. दोन वर्षांनी हात बसल्यावर, कामं मिळायला लागल्यावर जरूर घे. तेव्हा आत्ताच्या लेन्सही वाया जात नाहीत. कॅननच्या डीएसएलआरच्या लेन्स त्यांच्या नव्या मिररलेसवर अडॅप्टर लावून चालतात, निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सही तशाच चालतात. बॉडी बदलत राहते, चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षं सोबत राहते. पैसा तिच्यात घाल, म्हणते ते याचसाठी.

डीएसएलआरच्या बाजूने अजून एक गोष्ट आहे, ती आपल्याकडचे लोक लगेच समजतील. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या आणि पंचनाम्याला फोटो हवे होते, पण मोबाईल मेलेले. डोळ्याने थेट बघायच्या कॅमेऱ्याला बघण्यासाठी वीज लागत नाही. निकॉन डी३५०० एका चार्जवर साधारण दीड हजार फोटो देतो. तेवढं त्याच किमतीचा मिररलेस देत नाही.

कोणता घ्यायचा? माझी पसंती वापरलेल्या डी३५००ला. २०१८चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासकट चारशे ग्रॅमच्या थोडा वर. दिवसभर खांद्यावर राहतो. शिवाय त्याच्यासाठी निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स ही छोटी, स्वस्त लेन्स मिळते, आणि लहान सेन्सरवर ती बरोबर आपल्या डोळ्याला दिसतं तसं दाखवते. बंदरावर, वाडीतल्या सावलीत, स्वयंपाकघरात चुलीपाशी, बारशाच्या खोलीत ती कुठेच अडत नाही. कॅननची ५० एमएम एफ १.८ही छान आहे, चेहऱ्यांसाठी तर फार सुंदर, पण लहान सेन्सरवर ती ऐंशीसारखी होते. घरात भिंतीला पाठ टेकली तरी माणसं चौकटीत मावत नाहीत.

तरी कॅननकडे जायची दोन चांगली कारणं आहेत. तुझ्या मामाकडे किंवा मैत्रिणीकडे कॅननच्या लेन्स असतील तर कॅननच घे. आज उसनी, उद्या अदलाबदल, याने हजारो रुपये वाचतात. दुसरं कारण व्हिडिओचं. खोल्यांचे रील्स, रेसिपीचे व्हिडिओ करायचे असतील तर डी३५०० मागे पडतो, त्याला माईक जोडायची जागाच नाही. कॅनन २००डी बघ. त्याची स्क्रीन फिरते, बोटाने जिथे दाबशील तिथे फोकस जातो, आणि व्हिडिओत फोकस अलगद सरकतो. त्याचा पुढचा २००डी मार्क टू अजून चांगला, पण त्याच्या वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे त्या बिंदूवर चालणारे स्वस्तातले फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. समारंभाची कामं घेणार असशील तर हे आत्ताच माहीत असू दे. आणि कॅननचा ३०००डी फार स्वस्त म्हणून पुढे केला जाईल. त्याचं लेन्स बसायचं कडं प्लास्टिकचं आहे, आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे बघायची खिडकी जुळवायची सोय नाही. तुला चष्मा आहे. तो नकोच.

लेन्सवरची अक्षरं वाचायला शीक, तिथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. दिवाळीच्या ऑफरमध्ये "दोन लेन्स, बॅग, कार्ड, ट्रायपॉड फुकट" असा जोड दाखवतात. त्यातली लांब लेन्स पुष्कळदा कॅननची ७५-३०० असते. तिच्यात हाताचं थरथरणं सावरायची सोय नसते आणि चित्र मऊ येतं. तिच्याऐवजी ५५-२५० आयएस एसटीएम हवी. निकॉनकडे ७०-३०० एएफ-पी डीएक्सची दोन भावंडं आहेत, एकावर व्हीआर लिहिलंय, एकावर नाही. व्हीआर म्हणजे तीच थरथर सावरायची सोय, व्हीआरवालीच घे. १८-५५मध्येही हाच प्रकार. कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर ही अक्षरं नसतील तर भाव बराच खाली यायला हवा, नाहीतर सोडून दे. निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८डी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नको. डी३५००मध्ये फोकसची मोटर नाही, तिचं कडं तुला प्रत्येक वेळी हाताने फिरवावं लागेल. आणि कोणी त्याहून जुनी डी३१०० किंवा डी५१०० बॉडी गळ्यात मारत असेल, तर नव्या एएफ-पी लेन्स तिच्यावर चालत नाहीत हे त्याला सांग.

खरेदीला मुंबईला जा. मांडव्याहून गेटवे, तिथून फोर्टातला बोरा बाजार. कॅमेऱ्यांची दुकानं तिथे दाटीने आहेत, नवी-जुनी दोन्ही. रविवारी जाऊ नको, फोर्ट बहुतेक बंद असतो. पावसाळ्यात लाँचा बंद असतात, रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरावं लागतं. पण मुळात पावसाळ्याआधी घेऊच नको. मे महिन्यात घेतलेला कॅमेरा चार महिने डब्यात बसतो आणि तुझा उत्साह ओसरतो. गणपती झाले की जा. सकाळच्या पहिल्या लाँचने, म्हणजे दिवस हाताशी राहतो आणि घाईने पैसे टाकावे लागत नाहीत.

वापरलेला कॅमेरा तपासताना लाजू नको. आपली बॅटरी, आपलं कार्ड, मोबाईलचा टॉर्च बरोबर ने. लेन्स काढून तिच्यात मागून टॉर्च मार आणि समोरून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा दुधाळ ठिपके दिसले तर ती बुरशी. भाव कितीही उतरवला तरी ती लेन्स घ्यायची नाही. चार-दोन धुळीचे कण असतात, ते चालतात. झूमचं कडं कानाशी धरून फिरव, करकर आवाज आला तर आत वाळू आहे. बॅटरीच्या कप्प्यातले पितळी संपर्क बघ, हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर खारं पाणी आत गेलेलं आहे. समुद्रावर पर्यटकांचे फोटो काढणाऱ्यांचा कॅमेरा म्हणूनच टाळ. त्या बिचाऱ्यांचा तो पोटाचा धंदा, कॅमेऱ्याला दिवसभर खारी फवारणी बसते. मग एफ २२ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढ आणि मोठा करून बघ, सेन्सरवरची धूळ काळे ठिपके होऊन दिसते. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढ, अंधारात लाल-निळे बिंदू चमकतायत का बघ. वरचा छोटा फ्लॅश उघडतो आणि पेटतो का, कार्ड अडकतं का, सगळी बटणं परत वर येतात का, तेही बघ.

शटर किती वेळा पडलंय ते विचार. निकॉनच्या फोटोच्या फाईलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो. तिथल्या तिथे एक फोटो काढून तो वाचता येतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाईलमध्ये येत नाही, वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं. पंधरा-वीस हजार झालेला कॅमेरा तरुणच समज. आकडा सत्तर-ऐंशी हजारांच्या वर असेल तर भावात तो दिसला पाहिजे. मूळ बिल माग आणि त्यावरचा क्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळवून बघ. बिल नसेल तर निघून ये. चोरीचा माल असला तर ती कटकट आपल्याला परवडणारी नाही.

हिशोब असा धर. बॉडी आणि १८-५५ मिळून पंचवीस हजारांच्या आत बसव. एफ १.८च्या लेन्ससाठी आठ ते दहा हजार धर. तेवढ्यात नवी बसली तर उत्तम, बुरशीची धास्ती नाही. उरलेल्यातून एक जादा बॅटरी, ओळखीच्या दुकानातून घेतलेलं खरं ३२ जीबीचं कार्ड, दोन्ही लेन्सना पुढे लावायच्या साध्या यूव्ही काचा आणि हवेचा रबरी फुगा. काचा मात्र लेन्सच्या तोंडाच्या मापाने घ्याव्या लागतात, माप लेन्सवर लिहिलेलं असतं. निकॉनच्या एएफ-पी १८-५५ला ५५ एमएम, ३५ला ५२. एका डब्याचे पैसे मात्र सगळ्यात आधी वेगळे काढ, त्याबद्दल पुढे बोलते. ट्रायपॉड आत्ता नको. हजार-बाराशेचा ट्रायपॉड आपल्या वाऱ्यात थरथरतो आणि वाळूत रुततो. कापडी पिशवीत तांदूळ भरून तोंड शिव, ती तटबंदीवर किंवा होडीच्या काठावर ठेव आणि वर कॅमेरा टेकव. त्याने भागतं.

तर डबा. आपल्याकडे कॅमेरे पडून फुटतात त्याहून जास्त बुरशीने मरतात. बुरशीला अंधार, ओलावा आणि स्तब्ध हवा हवी असते. जूनपासून आपल्या घरात तिन्ही मिळतात. ती काचेवर वाढताना जे आम्ल सोडते ते काचेवरचा लेपच खातं, मग पुसूनही डाग जात नाही. म्हणून पावसाळ्यात पापड-सांडगे जपतो तसा कॅमेरा जपायचा. रबराची कड असलेला मोठा हवाबंद डबा घे, तळाशी सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेव, आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेव, दोन-तीनशेत मिळतं. काटा चाळीस ते पन्नासमध्ये राहिला पाहिजे. साठच्या वर गेला की जेलचे दाणे बदल. रंग बदलणारे दाणे आण, रंग पालटला की कढईत मंद आचेवर परतून घेतले की ते पुन्हा कोरडे होतात. त्यासाठीची कढई वेगळी ठेव, तिच्यात जेवण करायचं नाही. कोणी तांदळात ठेवायला सांगेल. नको, पिठाची धूळ आत जाते. कॅमेऱ्याच्या बॅगेत तो कधी साठवायचा नाही, बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात पाच-दहा फोटो काढत जा. वापरात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही.

समुद्रावर लेन्स बदलायची नाही. घरून निघतानाच ठरव, आज ३५ की १८-५५. राजापुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जाशील तेव्हा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धर, किल्ल्याच्या पायऱ्यांवर चढलीस की काढ. लाँचच्या एसी डेकवर बसली असशील तर उतरल्या उतरल्या काढू नको, गार काचेवर बाहेरच्या हवेचं धुकं धरतं. बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं जाऊ दे. घरी आलीस की आधी फुग्याने वाळू उडव, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने बॉडी पूस, लगेच कोरड्याने पूस. ओढणीने काच पुसायची सवय लावून घेऊ नको. ओढणीत दिवसभराची वाळू असते, तिचे ओरखडे कायमचे.

एक मोठ्या बहिणीचं म्हणून सांगते. दुकानात तुला विचारतील, "कुणासाठी घ्यायचाय? भाऊ येणारे का?" शांतपणे सांग, माझ्यासाठी. होमाई व्यारावाला भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार, नवसारीला जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले होते. पुढे त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली आपल्या कॅमेऱ्याने जगाला दाखवली आणि २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. तुझ्या फोटोंखाली पहिल्या दिवसापासून तुझंच नाव घाल. खोल्यांचे फोटो शेजाऱ्यांना काढून देशील तेव्हाही, आणि पैसेही घे. ओळखीत फुकट काढून दिलेलं काम ओळखीतच फिरत राहतं. पहिल्या दोन घरांचं नमुन्यादाखल कर, तिसऱ्यापासून दर सांग.

आणि बंदरावर कॅमेरा आधी काढायचा नाही. आधी जायचं, बोलायचं, वाटा घ्यायचा. जवळा वाळत घालणारी मावशी किंवा वलांडीवर बोंबील टांगणारी काकी घामेजलेल्या अवतारात असते, पदर सावरायला तिला एक क्षण मिळाला पाहिजे. विचारून काढलेल्या फोटोत ती तुझ्याकडे बघते. न विचारता काढलेल्यात मान फिरवते. पुढच्या वेळी तिच्यासाठी फोटोची एक प्रत छापून ने. त्याचे वीस-तीस रुपये तुझ्या हिशोबात आत्तापासून धर.

हप्त्यांवर काही घेऊ नको. "फक्त बारा हप्ते" म्हणत तुला साठ हजारांच्या बॉडीपाशी नेतील, आणि मग दर महिन्याच्या शिकवण्यांचे पैसे तिकडेच जातील. लांब लेन्ससाठी तुझ्या आईच्या भिशीत एक नंबर लाव. पुढच्या थंडीत कुरव यायच्या आत तो लागला तर ७०-३०० व्हीआर, नाहीतर त्याच्या पुढच्या.

गणपतीनंतर सुट्टी काढता येईल का ते मला कळव, जमलं तर मीही लाँचला येते. नाही जमलं तर एकटी जा, पण पैसे मोजायच्या आधी दुकानातून मला फोन कर आणि लेन्सवर लिहिलेलं सगळं, एकेक अक्षर, वाचून दाखव.